बियाण्यांची यादी आणि एरर अठरा

उत्तम, त्या दुपारी यवतमाळच्या दवाखान्यात तू मला सलाइनच्या बाटलीवरची तारीख वाचायला लावलीस. तुझा चष्मा वैनींच्या पर्समध्ये होता आणि वैनी खाली औषधं आणायला गेल्या होत्या. मी महिना वाचला, वर्ष वाचलं. तू म्हणालास, "बॅच नंबर वाच." तोही वाचला. मग तू डोळे मिटलेस आणि हळूच विचारलंस, "तू बरोबर वाचलं याचं काय प्रमाण?"

नर्स हसली. मला हसू आलं नाही. हाच प्रश्न तू मला वीस वर्षांपूर्वी शाळेच्या प्रयोगशाळेत, असाच शांतपणे विचारला होतास.

थोड्या वेळानं तू म्हणालास, "अवी, त्या डिस्कची गोष्ट..." आणि मी तुला मधेच तोडलं. "राहू दे ना आता. आराम कर." तू माझ्याकडं बघितलंस आणि पांघरूण वर ओढलंस. चौथ्या दिवशी सकाळी फोन आला.

आजारी माणसाला जास्त बोलू देऊ नये म्हणून मी तुला थांबवलं, असं मी घरी सांगितलं. ते खरं नाही. तू काय विचारशील याची मला भीती वाटली. म्हणून हे आता लिहितोय. आता तू विचारू शकत नाहीस, आणि मला सांगायचं आहे.

दारव्ह्याच्या त्या शाळेत तू आठवी ते दहावीला विज्ञान शिकवायचास आणि मी प्रयोगशाळा सहायक होतो. तू तांड्यावरून जुन्या स्कूटरवर यायचास. मी गावातला. आमच्या घरात आजोबा, वडील आणि मी, तिघांनी कचेऱ्यांत कागद सांभाळले. तुझ्या पूर्वजांनी बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला. तू म्हणायचास, "म्हणून तुमचा इश्वास कागदावर, आमचा बैलावर." आणि तरी कागद गोळा करायचं वेड तुलाच लागलं होतं.

कापसाची ती वाईट वर्षं. जिल्ह्यात कोणी गाडीतून उतरलं की लोक आधी त्याच्या हाताकडं बघत. हातात फॉर्म आहे, कॅमेरा आहे की पिशवी? फॉर्मवाले सही घेऊन जात, कॅमेरेवाले म्हाताऱ्यांना उन्हात उभं करून जात, पिशवीवाले नव्या बियाण्याचं नमुन्याचं पाकीट फुकट देऊन जात. तुझ्या थोरल्या भावानं महागाची पाकिटं विकत आणून पेरली, तर ओळीत चार हातांवर एक रोप. दुबार पेरलं, तेच. तू त्या शेतातून फिरून आलास आणि दुसऱ्या दिवसापासून वहीत लिहायला लागलास. शेतकऱ्याचं नाव, गाव, दुकान, पाकिटावरचा लॉट नंबर, किती उगवलं. आधी तांड्याचं, मग आजूबाजूच्या गावांचं.

शाळेच्या ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला होता आणि जुना प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात आला होता. शनिवारी अर्धी शाळा सुटली की तू वहीतून वाचायचास, मी टाइप करायचो. यादी वाढत गेली. कृषी खात्याचं पथक तालुक्यात पाहणीला येणार होतं, त्याची तारीख कळली होती. पथकापुढं छापील यादी ठेवायची, गावागावानं, लॉटनिहाय, म्हणजे कोणाला एकेकट्याला हाकलता येणार नाही, असं आपलं ठरलं.

एक गोष्ट आपण दोघंही बोलत नव्हतो. आर्णीतलं एक कृषी केंद्र माझ्या बायकोच्या थोरल्या भावाचं होतं, विलासदादांचं. यादीत ते नाव वारंवार यायचं. दर वेळी ते आलं की तू वाचणं थांबवायचास आणि म्हणायचास, "काय लिहिलं ते वाचून दाखव." बाकीच्या दुकानांची नावं तू कधी वाचून घेतली नाहीस.

कॉम्प्युटर त्या काळात फार अडायला लागला होता. कुठल्या तरी फ्लॉपीतून व्हायरस शिरला होता. मधेच पडदा गोठायचा आणि अर्ध्या तासाचं टायपिंग जायचं. माझी चुलत बहीण अमरावतीला पॉलिटेक्निकमध्ये शिकवायची. तिनं सांगितलं, जुन्या मशीनवर लिनक्स टाक, ती मशीन चालवणारी वेगळी प्रणाली आहे, हलकी आणि फुकट. तिनं सीडी पाठवली. मी तुला दाखवली तेव्हा तू ती उजेडाकडं धरून दोन्ही बाजूंनी बघितलीस.

"फुकट काहून देते?"

"लोकं मिळून बनवतात. वापरणारेच सुधारतात."

"अन् त्याईचं पोट कायनं भरते?"

तू म्हणालास, "पिशवीवालेबी असंच म्हनत होते. आधी वापरून पाहा, पैसे नाई लागत." मग विचारलंस, "हे टाकताना यादी पुसली गेली तं?"

मी सांगितलं की यादी असलेल्या डिस्कला हातच लावायचा नाही. नागपूरहून जुनी पण मोठी, वीस जीबीची डिस्क आणली आहे, लिनक्स तिच्यावर टाकू, मग जुन्या डिस्कवरून यादी उचलून घेऊ. तू मान हलवलीस. पटल्यावर तू मान हलवत नसायचास, हे मला तेव्हाही माहीत होतं.

तो शनिवार होता. रविवारी विलासदादा आमच्याकडं आले. जेवले, पान लावलं, मग बायको आत गेल्यावर म्हणाले, "अविनाशराव, त्या यादीतून माह्या दुकानाचं नाव गाळता येते काय? माल मले वरतून आला. मी थोडंच बनवतो बियाणं? पण पथक पहिले मलेच धरन."

मी "नाही" म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "पाहतो."

हा एक शब्द मी तुला कधी सांगितला नाही.

मंगळवारी दुपारी तू दहावीच्या वर्गावर होतास तेव्हा मी एकट्यानं कॅबिनेट उघडलं आणि नवीन डिस्क बसवली. भारनियमन होतं, चालू करून बघता आलं नाही. बुधवारी अकराला लाइट आली. आपण दोघांनी मिळून बटन दाबलं. पंखा फिरला, आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ आली: डिस्क सापडत नाही, सिस्टीमची डिस्क टाका. पुन्हा केलं, तेच.

तू स्टुलावर बसलास. "शनवारी चालून राह्यलं होतं."

"हो."

"मंगळवारी तू उघडलं."

"नवीन डिस्क बसवायला."

"खोलीची चाबी दोघाईजोळच हाये, अवी." मग विचारलंस, "जुन्या डिस्कले हात लावला होता?"

मी म्हणालो, "नाही."

"याचं काय प्रमाण?"

मी चिडलो. तुला काय काय बोललो ते आठवतं, आणि ते इथं लिहायची माझी हिंमत नाही. तू उठलास. कपाटातून कोरं जर्नल काढलंस, मुलं प्रयोग लिहितात तसलं, आणि पहिल्या पानावर ओळीनं लिहिलंस: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. "आजपासून जे करशीन ते मी लिहीन. माह्या समोर कराचं. मी नसलो तं नाई कराचं." पथक यायला नऊ दिवस होते.

मला अपमान वाटला. आणि मला तुझाही संशय यायला लागला, हेही सांगतो. मी मंगळवारी वायर हलवली नव्हती, जुनी डिस्क तिच्या जागी होती. मग मशीन मेलं कसं? मशीन बिघडावं आणि खापर माझ्यावर, माझ्या सोयऱ्यावर फुटावं, असंच तर तुला हवं नव्हतं ना? एवढा वाईट विचार मी चार दिवस मनात घेऊन तुझ्या शेजारी बसलो. मधल्या सुट्टीत आपण एकाच डब्यातून जेवलोही.

पहिलं निरीक्षण तूच केलंस. कोपऱ्यात तारीख दिसत होती, ती कित्येक वर्षं मागची. मशीनच्या बोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी असते, ती संपली की मशीन सगळं विसरतं. कितीही वेळा सांगा की आधी सीडी वाच, लाइट गेली की ते पुन्हा विसरायचं, आणि लाइट तर रोजच जायची. घड्याळवाल्याकडून आपण बॅटरी आणली. तू ती दुकानातच मीटरवर तपासून घेतलीस. नवी होती, तरी.

त्यानंतर सीडी चालायला लागली, पण तीही लहरीनं. कधी मशीनला सीडीचा ड्राइव्ह दिसायचा, कधी नाही. दिसला की पडद्यावर ओळी धावायच्या आणि एका ठिकाणी येऊन थांबायच्या, "कर्नल सुरू करत आहे" अशा अर्थाच्या ओळीशी; कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. पुढं काही नाही. तू घड्याळ लावून पंधरा मिनिटं बसलास. "निरीक्षण," तू लिहिता लिहिता म्हणालास, "काईच होत नाई."

एसटीडी बूथवरून ताईला फोन लावला. तू माझ्या गालाला गाल लावून तोच रिसीव्हर ऐकत होतास. बूथवाला आपल्याकडं बघत होता. ताई म्हणाली, जुन्या मशीनला विजेची बचत करायची नवी पद्धत कळत नाही, सुरू करताना ती बंद करायला सांगा, अमुक एक शब्द टाइप करा. तू रिसीव्हर ओढून घेतलास.

"ताई, नमस्कार. या सीडीतून आमची यादी बाहेर कोणाले जाते काय?"

"गुरुजी, मशीनला फोनची वायर जोडली आहे का?"

"नाई."

"मग कुठून जाईल?"

"अवीबी असंच म्हनते," तू म्हणालास. तुझं समाधान झालं नव्हतं. संध्याकाळी तू टेबलामागं वाकून कोणकोणत्या वायरी आहेत ते मोजलंस.

तो शब्द टाइप केल्यावर ओळी पुढं धावल्या. लिनक्स बसायला तीन तास लागले, मधे एकदा लाइट गेली आणि पहिल्यापासून करावं लागलं. शेवटी पडद्यावर आलं की झालं, सीडी काढा आणि मशीन परत सुरू करा. तू त्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात ठेवलास. मशीन परत सुरू झालं. काळा पडदा. आणि दोन शब्द: एरर अठरा.

बाकी काही नाही. कशाचा एरर, कुठं, काही लिहिलेलं नाही.

"नंबर देते अन् अर्थ नाई देत," तू म्हणालास. "लॉट नंबरवानीच."

त्या दिवशी शुक्रवार होता आणि पथक पुढच्या शुक्रवारी होतं. ताई दोन दिवस गावाला गेली होती. आपण यवतमाळला जीपनं गेलो, सायबर कॅफेत बसलो. मी इंग्रजी वाचायचो, तू म्हणायचास, "याचा अर्थ सांग," आणि मग शेजारच्या मशीनवर बसलेल्या अनोळखी माणसाला तीच ओळ दाखवून, "साहेब, याचा अर्थ काय होते?" म्हणून माझं भाषांतर तपासायचास. तो माणूस बिचारा कोणत्या तरी परीक्षेचा निकाल बघायला आला होता. पण अर्थ सापडला. आपलं मशीन जुनं आणि डिस्क मोठी. अशा जुन्या मशीनला सुरुवातीला डिस्कचा पहिला थोडासा भागच दिसतो. सुरू व्हायला लागणाऱ्या फाइली लिनक्सनं पुढं कुठंतरी ठेवल्या की त्या त्याला सापडत नाहीत, आणि ते अठरा म्हणून थांबतं. उपाय असा की डिस्कच्या अगदी सुरुवातीला एक छोटा कप्पा करायचा आणि त्या फाइली तिथंच ठेवायच्या.

येताना जीपमध्ये तू मला म्हणालास, "म्हंजे बिघाड नवताच. दिसत नवतं फक्त."

सोमवारी तसा कप्पा केला. पुन्हा तीन तास. मशीन सुरू झालं. एरर नाही. ओळी, ओळी, मग रंगीत पडदा आणि नावाची विचारणा. तू जर्नलमध्ये वेळ लिहिलीस. मग मी जुनी डिस्क शोधायला गेलो आणि ती नव्हतीच. वायर जोडलेली, डिस्क जागेवर, पण लिनक्सला ती दिसत नव्हती.

तू पेन खाली ठेवलंस. "अवी," तू म्हणालास, "आता सांगून टाक."

तुझ्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याचंच मला जास्त लागलं. मी मशीन बंद केलं, कॅबिनेट उघडलं, चारही स्क्रू काढून जुनी डिस्क बाहेर ओढली आणि उलटी केली. डिस्कच्या पाठीमागं पिनांच्या दोन रांगा असतात आणि त्यांवर एक इवलीशी प्लास्टिकची टोपी. एका वायरवर दोन यंत्रं असली की पहिलं कोण, दुसरं कोण, हे त्या टोपीनं ठरतं. टोपी नव्हती. म्हणून डिस्क आणि सीडीचा ड्राइव्ह दोघंही स्वतःला दुसरं समजत होते आणि एकमेकांना दिसू देत नव्हते. सहा दिवसांचं सगळं कोडं त्या तांदळाच्या दाण्याएवढ्या टोपीत होतं.

आणि तिच्या जागी, पिनांमध्ये अडकलेला, कापसाचा धागा होता. रुईचा साफ धागा नव्हे. सरकीसकट घरात ठेवलेल्या कापसाचा, त्याला वाळल्या पानाचा चुरा चिकटलेला.

प्रयोगशाळेत कापूस नव्हता. माझ्या घरी तसा कापूस नव्हता. तांड्यावर घरोघरी असायचा. मी वर बघितलं. तूही तो धागा बघत होतास. मग तू तोंड फिरवलंस आणि जर्नलची पानं चाळायला लागलास.

मी चिमट्यानं धागा काढला आणि खिशात टाकला. तू विचारलंस, "काय झालं होतं?" मी म्हणालो, "टोपी ढिली होऊन पडली. होतं असं." ऑफिसातल्या एका मेलेल्या डिस्कची टोपी काढून लावली. तू लिहिलंस: टोपी पडली होती. नवीन बसवली. अनुमानाची जागा कोरी ठेवलीस.

डिस्क दिसली. यादी दिसली, शेवटच्या शनिवारी टाइप केलेल्या नावापर्यंत. तू मला आर्णीच्या त्या दुकानाच्या सगळ्या नोंदी एकेक करून वाचायला लावल्यास आणि वहीशी ताडून बघितल्यास. सगळ्या होत्या. एकही कमी नव्हती. तू वही मिटलीस आणि चहा सांगायला गेलास.

मला तेव्हा कळलं होतं की तू डिस्क घरी नेली होतीस. मी तुला पकडू शकलो असतो. सहा दिवस तू मला चोरासारखं बसवलं होतंस, आणि चूक तुझ्या हातून झाली होती. मी का बोललो नाही? मोठेपणा म्हणून नाही. तू "काहून नेली" याचं उत्तर दिलं असतंस, आणि त्यावर मला "पाहतो" सांगावं लागलं असतं.

पथक आलं. साहेबांनी यादी चाळली आणि म्हणाले, "कॉम्प्युटरवर काय, काहीही छापता येतं. पुरावा काय?" तू शांतपणे पिशवीतून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढलास. त्यात पाकिटांची लेबलं होती, प्रत्येकाच्या मागं शेतकऱ्याचं नाव आणि सही किंवा अंगठा. तू इतके दिवस ती गोळा करत होतास आणि मला एका शब्दानं बोलला नव्हतास.

साहेब शेतांवर आले. पंचनामे झाले. काही लॉटची विक्री तालुक्यात थांबवली. तुझ्या भावाला भरपाई मिळाली, पण फार उशिरा, आणि बऱ्याच जणांना मिळालीच नाही. विलासदादांचा परवाना एका हंगामासाठी थांबला. त्यांनाही कोणी तरी खोटा माल दिला होता, हे पुढं निघालं. तोवर आमच्या घरी व्हायचं ते होऊन गेलं होतं. माझी बायको तीन दिवाळ्या माहेरी गेली नाही. तू त्याबद्दल कधी विचारलं नाहीस, पण त्या तिन्ही हिवाळ्यांत तुरीच्या शेंगांची पिशवी आमच्या दारात येत राहिली. मी म्हणायचो, "कायले?" तू म्हणायचास, "वैनीले देजो. तुले नाई आणल्या."

डब्यावरून आपलं भांडण मात्र पुढं वर्षानुवर्षं चाललं. मी म्हणायचो, माझ्यापासून काहून लपवला? तू म्हणायचास, "तुह्यापासून नाई, मशीनपासून लपवला." मी म्हणायचो, संशय घेतला की माणूस लहान होतो. तू म्हणायचास, संशय घेतला नाही की माणूस फसते, मग त्याच्या मागं दहा जण फसते. पुढं तू स्वतः लिनक्स टाकायला शिकलास. आर्णीला, वणीच्या एका ट्रकवाल्याच्या ऑफिसात, कुठंकुठं जुनी मशीनं उठवून आलास. फुकट करायचास, आणि कोणी "फुकट काहून?" विचारलं की खूश व्हायचास. पण आपलं भांडण सुटलं नाही. निवृत्त झाल्यावरही आपण पारावर बसून तेच भांडायचो, आणि दोघंही आपापल्या खऱ्या मुद्द्याला हात लावायचो नाही.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी तांड्यावर आलो. माणसं पांगल्यावर कमलवैनींनी मला आत बसवलं. मला राहवलं नाही. मी त्यांना सगळं सांगितलं, विलासदादांचं येणं, माझं "पाहतो" म्हणणं. त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

त्या म्हणाल्या, "त्याईले माहीत होतं, भाऊ."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तुमचा साळा पहिले इथंच आलता. शनवारी, हे शाळेतून यायच्या पहिले येऊन बसला होता. हे नाई म्हनले. तं तो जाताना म्हने, मग मी अविनाशरावले सांगतो, ते घरचे हायेत. हे तसेच उलट्या पावली शाळेत गेले अन् ते डिस्क काढून आणली. मी गादीसाठी कापूस राखला होता, त्याच्यात खुपसून ठेवली."

"मग परत काहून नेली?"

"मीबी तेच म्हनलं. यादी त्याच्यात हाये, ठेवा ना इथं. रयवारभर त्याईनं जेवण नाई केलं धड. सोमवारी पायटीच अंधारात उठले अन् म्हने, नेऊन ठेवतो. मी म्हनलं, अन् भाऊनं काही केलं तं? तं म्हने, करन का नाई ते मले माहीत नाई. पण मी डिस्क इथं ठेवली तं मीच त्याले चोर केलं. मग त्यानं नाई केलं तरी काय उपेग?"

वैनींनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढं सरकवला.

उत्तम, म्हणजे दवाखान्यात तू मला काही विचारणार नव्हतास. तू सांगणार होतास. आणि मी तुला थांबवलं.

तर आता माझं राहिलेलं ऐक. वैनींनाही मी हे सांगितलेलं नाही. मी जुन्या डिस्कला हात लावला नाही असं तुला म्हणालो होतो, ते खोटं होतं. नवीन डिस्क बसवायला जुन्या डिस्कच्या स्क्रूंना हात लावायची काही गरज नव्हती. डिस्कच काढून न्यावी म्हणून मंगळवारी मी त्यातले दोन काढले. दोन राहिले होते. पलीकडच्या वर्गातून तुझा आवाज येत होता, तू प्रकाशाचं परावर्तन शिकवत होतास. मी स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन बसलो, आख्खा तास, घंटा होईपर्यंत. मग ते दोन्ही परत घट्ट केले.